बुवाच्या दारातून परत येताना

मंडळी, घरातला माणूस एखाद्या बुवाच्या नादी लागला की आपण पहिली चूक कोणती करतो? त्याची टिंगल करतो. 'एवढा शिकलास आणि त्या ढोंग्याच्या पाया पडतोस?' असे म्हणतो. बुवाने त्याला आधीच सांगून ठेवलेले असते की घरचे विरोध करतील, तीच तुझी परीक्षा. आपण रागावलो की बुवाचे भाकीत खरे ठरते आणि माणूस आणखी घट्ट चिकटतो.

मुळात तो तिकडे जातो कशाला? चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात याचे उत्तर बहुधा दुखण्यात सापडते. पोर तापाने फणफणलेले, नाल्याला पूर, दवाखाना दूर आणि पुजारी मात्र गावातच. तो घरी येतो, विचारपूस करतो, वेळ देतो. दवाखान्याच्या रांगेत एवढा वेळ कोण देतो? हे मान्य केल्याशिवाय पुढचे बोलणे होत नाही. बरे, गावदेवाची पूजा करणारा पुजारी वेगळा आणि 'तुझ्या घरावर अमक्या बाईने केले आहे' असे सांगणारा मांत्रिक वेगळा. धोका या दुसऱ्याचा.

ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारले गेले. त्यांत म्हाताऱ्या बायाही होत्या. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एक बाई आणि एक पुरुष यांना मारहाण करून जाळण्यात आले. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुन्हा जरूर नोंदवावा. पण मारणारे आणि मार खाणारे यांची घरे पुढेही एकाच गावात असतात, पाणी एकाच बोअरिंगवर भरायचे असते. समुपदेशनाचे काम खरे तर तिथून सुरू होते.

भानामतीचेच घ्या. कपडे आपोआप पेटतात, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात, घरावर दगड पडतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे अशी घरे तपासली. त्यांची रीत साधी. घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळे, एकांतात बोलायचे. हे प्रकार करणारे बहुधा घरातलेच कोणीतरी असते, मनात कोंडलेले दुःख ज्याला बोलता येत नाही असे. ते माणूस सापडले तरी त्याचे नाव गावासमोर घेत नाहीत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. नाव फोडले असते तर गावाची करमणूक झाली असती आणि त्या पोरीचे किंवा सुनेचे जगणे संपले असते.

सन १९७८ मध्ये गयानातील जोन्सटाऊन येथे एका पंथाच्या नऊशेहून अधिक माणसांचा मृत्यू झाला. त्या काळात अमेरिकेत घाबरलेले आईबाप मुलांना पंथातून पळवून आणून, कोंडून, त्यांची 'मते उतरवीत'. अनेक मुले उलट अधिक कडवी झाली, प्रकरणे कोर्टात गेली. पुढे ती रीत मागे पडली आणि राजीखुशीने बोलणे आले.

म्हणून घरच्यांनी नाते तोडू नये. बुवावर बोलण्याऐवजी माणसाबद्दल विचारावे: झोप लागते का, गोळ्या चालू आहेत का, जमीन किंवा दागिना कुठे गहाण पडला का? फिट येणाऱ्याचे औषध 'महाराजांनी' बंद केले असेल, तर बाकी सारे वाद बाजूला ठेवून आधी ते सुरू करावे. आणि कर्ज फिटेपर्यंत पैशाचा व्यवहार घरातल्या दोघांच्या हाती असावा.

परत आलेल्या माणसाचे हाल कोणी पाहत नाही. त्याला लाज वाटते, भीतीही असते की शाप लागेल. शिवाय संध्याकाळ रिकामी होते. दरबारात त्याला नावाने हाक मारणारी माणसे होती, ती गेली. आपल्याकडे गावोगाव गुरुदेव सेवा मंडळाची भजने चालतात; ज्याची श्रद्धा शाबूत आहे त्याला तिथे नेऊन बसवायला काय हरकत आहे? श्रद्धा सोडण्याची अट घातली तर तो दारातूनच परत फिरेल.

झोप उडाली, जीव नकोसा झाला असे तो म्हणू लागला, तर जिल्हा सामान्य रुग्णालयात मनोविकाराच्या डॉक्टरांकडे न्यावे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेली-मानसची मोफत सेवा आहे, मराठीतही बोलता येते. फोन घरच्यांनी केला तरी चालतो. पुष्कळदा आधी त्यांनाच बोलायचे असते.