खेळाडूंना विश्रांती, मॅनेजरला जागरण

जुलैतली रात्र. पोलादपुरात पाऊस धो धो कोसळतो आहे. दोन वाजून पंचवीस मिनिटांनी उशीखालचा मोबाइल थरथरतो आणि पंचविशीतला एक तरुण अंधारातच उठून बसतो. त्याच्या ऑनलाइन फुटबॉल संघाला डाव्या बाजूने खेळणारा एक आक्रमक खेळाडू हवा आहे आणि त्याचा लिलाव अडीच वाजता संपणार आहे. विकणारा मध्य युरोपात कुठेतरी बसला आहे. तिथे अजून रात्रीचे अकराच वाजलेत. तरुण बोली लावतो. समोरून कुणीतरी ती वाढवते, मुदत थोडी पुढे सरकते. असे होता होता खेळाडू हाती लागतो तेव्हा तीन वाजून गेलेले असतात. डोळा लागेपर्यंत सव्वातीन. साडेपाचला पुन्हा गजर, कारण सातची पाळी महाडच्या एमआयडीसीत आणि मुंबई-गोवा महामार्गावरून मोटारसायकलने जायचे.

रात्री बाराला झोपलेल्या या तरुणाची झोप मोजली तर जेमतेम पावणेपाच तास भरते, तीही दोन तुकड्यांत. सकाळी आई विचारते, ‘‘रात्री उजेड कसला दिसत होता रे?’’ तो म्हणतो, ‘‘मॅच होती.’’ आईला वाटते, टीव्ही तर बंद होता.

हे चित्र कुणा एकाचे नाही, पण अनेक घरांना ते ओळखीचे वाटेल. मोबाइलच्या खेळांविषयी बोलताना आपण मारधाडीचे खेळ आणि पैसे लावण्याचे खेळ यांचीच चर्चा करतो. फुटबॉल मॅनेजमेंटचा खेळ या दोन्हींपैकी नाही. तो शांत, डोके लावून खेळायचा खेळ आहे. म्हणूनच तो शरीराकडून काय वसूल करतो, हे चटकन लक्षात येत नाही.

चेंडूला पाय न लावता

या खेळात खेळणारा चेंडूला पाय लावत नाही. तो मॅनेजर असतो. खेळाडू विकत घ्यायचे, सराव ठरवायचा, कुणाला मैदानात उतरवायचे आणि कुणाला बसवायचे ते ठरवायचे, तिकिटाच्या उत्पन्नातून पगार भागवायचे. सामना संगणक खेळवतो. दोन्ही संघांची ताकद, डावपेच आणि थोडे नशीब यांचे गणित मांडून तो निकाल देतो.

घरच्या संगणकावर असे खेळ १९८० च्या दशकापासून आहेत. पुढे इंटरनेट आले आणि समोरचा संघही खऱ्या माणसाचा झाला. स्वीडनमध्ये १९९७ साली सुरू झालेला ‘हॅटट्रिक’ हा या प्रकारातला जुना आणि गाजलेला खेळ. त्याचा एक हंगाम सोळा आठवडे चालतो. सर्बियातल्या बेलग्रेडमधून २०१० साली आलेल्या ‘टॉप इलेव्हन’ने हाच प्रकार मोबाइलवर घरोघरी नेला. त्याचा हंगाम अठ्ठावीस दिवसांचा.

पत्त्यांचा डाव मोडला की खेळ संपतो. कॅरमची सोंगटी खोक्यात गेली की बोर्ड उभा करून ठेवता येतो. हा खेळ मात्र आपण झोपलो तरी चालूच राहतो. सामने ठरल्या वेळी होतात, लिलाव ठरल्या वेळी संपतात, प्रतिस्पर्धी जगाच्या दुसऱ्या टोकाला जागा असतो. दिवसाकाठी वीस-पंचवीस मिनिटे पुरतात, हे खरे. प्रश्न ती मिनिटे घड्याळात कुठे पडतात, याचा आहे.

मेंदूला गोडी कशाची?

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधकांनी १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ पुरुषांना रणगाडा चालवण्याचा साधा व्हिडीओ गेम खेळायला दिला आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन घेतले. खेळताना मेंदूच्या खोल भागात डोपामाइन हे रसायन अधिक प्रमाणात स्रवत असल्याचे दिसले. डोपामाइनला बोलीभाषेत ‘आनंदाचे रसायन’ म्हणतात, पण ते तितकेसे बरोबर नाही. बक्षीस मिळणार की नाही, या अपेक्षेशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे. बक्षीस नक्की मिळणार असेल तर मेंदू फारसा उत्तेजित होत नाही. ते अनपेक्षितपणे मिळाले तर होतो.

मॅनेजमेंटच्या खेळात हे अनिश्चिततेचे क्षण जागोजागी पेरलेले असतात. बोली टिकेल का? सरावातून पोराचा खेळ सुधारेल का? बलाढ्य संघाविरुद्ध बरोबरी साधेल का? त्यातच गुंतवणुकीची ओढ असते. दोन वर्षे खपून उभा केलेला संघ एका रात्रीच्या आळसाने खाली घसरावा, हे मनाला पटत नाही. मित्रांची लीग असेल तर शब्दही दिलेला असतो. मुंबईला खोली करून राहणारा चाकरमानी भाऊ, आखातात नोकरीला गेलेला शाळूसोबती आणि गावातला हा तरुण एकाच लीगमध्ये रोज भेटतात. ही भेट खोटी नाही. हिशोब, संयम आणि दूरचा विचार या गोष्टीही या खेळातून शिकता येतात. त्यामुळे ‘मोबाइलमुळे पोरगं वाया गेलं’ असा सरसकट निवाडा देऊ नये.

झोपेचे कर्ज

खरी किंमत झोप मोजते. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते, दहावी-बारावीच्या मुलांना आठ ते दहा तास. झोप एकसारखी नसते. साधारण दीड तासाच्या फेऱ्यांमध्ये ती चालते. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त, पहाटेकडे स्वप्नांची झोप जास्त. मधेच गजराने उठवलेला मेंदू लगेच पूर्ण जागा होत नाही आणि लिलावाच्या चुरशीने तापलेला मेंदू लगेच झोपतही नाही. डोळ्यांसमोर धरलेल्या पडद्याचा उजेड झोपेचा संकेत देणाऱ्या मेलाटोनिनला आणखी मागे ढकलतो.

‘मला चालते पाच-सहा तासांत,’ असे अनेक जण सांगतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली हेच तपासले. निरोगी माणसांना सलग चौदा दिवस रोज चार किंवा सहा तासच झोपू दिले. शेवटी त्यांचे लक्ष आणि प्रतिसादाचा वेग इतका घसरला की एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाची बरोबरी व्हावी. या माणसांना मात्र आपण फारसे पेंगुळलेलो आहोत असे वाटत नव्हते. झोपेचे कर्ज असे चढते, आणि कर्जदारालाच त्याचा पत्ता नसतो.

याचा परिणाम पोटावरही दिसतो. झोप कमी झाली की भूक वाढवणारे घ्रेलिन वाढते, पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन घटते. मग पाळीच्या मध्यावर दोन वडापाव आणि चौथा चहा लागतो. अपुरी झोप वर्षानुवर्षे राहिली तर रक्तदाब आणि मधुमेहाचा धोका वाढतो.

महामार्गावरची चार सेकंद

महाड-पोलादपूरच्या माणसासाठी धोका याहून जवळचा आहे. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाचे हात-डोळ्यांचे समन्वय रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतके ढासळतात, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. आपल्याकडे वाहन चालवताना रक्तातील अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे दारूचा थेंबही न घेता माणूस मद्यपी चालकासारखा गाडी चालवू शकतो, आणि पोलिसांच्या नळीत फुंकर मारून ते कळत नाही.

झोपेचे कर्ज फार झाले की मेंदू न विचारता डुलकी घेतो. ती दोन-चार सेकंदांची असते, कधी डोळे उघडे असतानाही लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल चार सेकंदांत सुमारे ६५ मीटर पुढे जाते. पावसात, समोरून येणाऱ्या ट्रकच्या प्रकाशात, कशेडी किंवा आंबेनळी घाटाच्या वळणावर ६५ मीटर म्हणजे काय, हे इथल्या माणसाला समजावून सांगायला नको.

कारखान्यातही तेच. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. तिथे व्हॉल्व्ह कोणता, तापमान किती, हातमोजे घातले की नाही, अशा छोट्या गोष्टींवर माणसांचे जीव अवलंबून असतात. पेंगुळलेल्या माणसाकडून आधी चुकतात त्या याच छोट्या गोष्टी. रात्रपाळीच्या कामगाराचे हाल आणखी वेगळे. शरीराचे घड्याळ आधीच उलटे फिरलेले, त्यात दिवसाची झोप दुपारच्या सामन्याने मोडली तर भरपाईला जागाच उरत नाही.

छंद की आजार?

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला. ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. निदानासाठी तीन गोष्टी पाहतात. खेळ कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा यावर ताबा राहत नाही. इतर आवडी आणि रोजची कामे मागे पडून खेळच पहिला होतो. नुकसान दिसत असूनही खेळणे चालू राहते किंवा वाढते. हे साधारणपणे बारा महिने टिकले आणि त्यामुळे घर, शिक्षण किंवा नोकरी यांत मोठा बिघाड झाला, तरच तो आजार. बहुतेक खेळणारे या व्याख्येत बसत नाहीत. पण आजार नाही म्हणजे अपाय नाही, असे नव्हे. वर्गीकरणात ‘अपायकारक गेमिंग’ अशी वेगळी नोंदही आहे. रोज रात्री झोप मोडणारा तरुण या उंबरठ्यावर उभा असू शकतो.

पैशांचा मुद्दाही स्पष्ट असावा. रोख बक्षिसाच्या आशेने पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. पैसे न लावता खेळायचे मॅनेजमेंटचे खेळ त्या बंदीत येत नाहीत. मात्र अनेक खेळांत खेळाडूंचा थकवा घालवण्याची किंवा सराव वाढवण्याची साधने खऱ्या पैशांत विकली जातात. पन्नास-शंभर रुपयांच्या खरेद्या लहान वाटतात. महिन्याचे बँक विवरण एकदा समोर ठेवून बेरीज केली की खरा आकडा कळतो.

काय करता येईल?

खेळ बंद करण्याआधी खेळाचे वेळापत्रक बदलावे. रात्री दहानंतर संपणाऱ्या लिलावाला हातच लावायचा नाही, हा पहिला नियम. खेळाडू जगात भरपूर आहेत, संध्याकाळी सातला संपणारा लिलावही मिळतो. काही खेळांत कमाल बोली आधीच नोंदवून ठेवता येते. ती नोंदवावी आणि झोपावे. सामन्याचा संघ जेवणाआधी लावून टाकावा, निकाल सकाळी पाहावा. सूचना रात्री बंद ठेवाव्यात. मोबाइल उशीखाली न ठेवता दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावावा आणि पाळीच्या गजरासाठी साधे घड्याळ आणावे. रात्र अपुरी झालीच, तर त्या दिवशी मोटारसायकल न काढता एसटीने किंवा कंपनीच्या गाडीने जावे.

घरच्यांनीही प्रश्न बदलावा. ‘किती वेळ खेळतोस?’ यावर भांडण होते. ‘तुझा लिलाव किती वाजता संपतो?’ यावर बोलणे होते. मोबाइल हिसकावून घेतल्याने मुले चोरून खेळतात, झोप आणखी मोडते. शिवाय खेळात बुडण्यामागे कधी उदासी, कधी परीक्षेची भीती, कधी नोकरी जाण्याची चिंता असते. ती ऐकून घेतल्याशिवाय खेळ सुटत नाही.

आठवड्यात १५० मिनिटे दम लागेल असा व्यायाम प्रौढांना हवा, मुलांना रोज तासभर. रायगड तर कबड्डीचा जिल्हा. संध्याकाळी मैदानावर घाम गाळलेल्या शरीराला रात्री झोपेची विनवणी करावी लागत नाही.

चिडचिड, कामावर खाडे, घरात खोटे बोलणे, ठरवूनही न थांबणे असे दिसू लागले तर उशीर करू नये. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि मराठीतही बोलता येते. पोलादपूरहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरहून दूर आहे. त्यामुळे पहिले बोलणे फोनवर आणि पहिली भेट जवळच्या ग्रामीण रुग्णालयात, हा मार्ग सोपा पडतो. झोप का मोडते, हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. नुसती झोपेची गोळी मागू नये.

या खेळांत प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याचा दमसास दाखवणारा आकडा असतो. तो घसरला की चांगला मॅनेजर आपल्या सर्वोत्तम खेळाडूलाही बाकावर बसवतो, कारण दमलेला खेळाडू सामना घालवतो हे त्याला ठाऊक असते. स्वतःच्या नावापुढे असा आकडा नसतो. तो पाहायचा तर सकाळी मोटारसायकलला किक मारण्यापूर्वी एवढेच विचारावे, काल रात्री किती तास झोपलो?