काचेचे प्रवेशद्वार आणि रात्रीचा खाजगीपणा : कोकणातील निवासी घरांच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : पारदर्शक काच, परावर्तन, प्रदीपन, दुधी काच, ओटी-पडवी, खाजगीपणा

प्रास्ताविक

मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गावरून नाणीज, साखरपा व आंबा घाट या मार्गे कोल्हापूरकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो, ते पाली हे रत्नागिरी तालुक्यातील गाव होय. येथील रस्त्यावर रात्रीही वाहनांची वर्दळ असते. अशा रस्त्यालगतच्या जुन्या घरांना जाड लाकडी दारे होती. अलीकडच्या बांधकामात मात्र दर्शनी दाराला पूर्ण काच बसविण्याची पद्धत दिसू लागली आहे. दुकाने, बँका व दवाखाने यांच्या बाबतीत ती सोयीची आहे. राहत्या घराच्या बाबतीत मात्र दिवेलागणीनंतर एक अडचण उभी राहते : आत दिवा लागला की घरातील माणसे, त्यांची उठबस, जेवणखाण, एकटेपण हे सर्व रस्त्यावरून दिसू लागते. यावर सर्वसाधारणपणे जो उपाय केला जातो, तो म्हणजे 'बाहेरून आतले दिसत नाही' असे सांगून विकली जाणारी आरशासारखी फिल्म. हा उपाय दिवसा उपयोगी पडतो; रात्री तो कुचकामी ठरतोच, शिवाय घरातील व्यक्तीला सुरक्षिततेचा खोटा भरवसा देतो. असे का घडते आणि त्याऐवजी काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दिवसा झाकणारी काच रात्री उघडी का पडते?

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून, सरळ पडणाऱ्या प्रकाशाचा सुमारे ४ टक्के भाग परावर्तित होतो. दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारे ८ टक्के. हे प्रमाण दिवसा व रात्री सारखेच असते. बदलतो तो काचेच्या दोन्ही बाजूंच्या उजेडाचा परस्परसंबंध. उदाहरणादाखल, ढगाळ दिवशी अंगणात १०,००० लक्स आणि दाराच्या आत २०० लक्स इतके प्रदीपन आहे असे मानू. दोन्हीकडील वस्तू सारख्याच रंगाच्या आहेत असे धरल्यास, बाहेर उभ्या असलेल्या व्यक्तीच्या डोळ्यांत अंगणाच्या प्रतिबिंबाचे ८०० भाग येतील आणि आतील दृश्याचे (काचेतून ८८ टक्के प्रकाश पार होतो असे धरून) अवघे १७६. प्रतिबिंब आतील दृश्यावर मात करते. म्हणजेच साधी काचसुद्धा दिवसा बऱ्याच अंशी पडद्याचे काम करते.

आता रात्रीचा विचार करू. अंगणात २ लक्स, आत १५० लक्स. आतील दृश्याचे १३२ भाग बाहेर पोहोचतात. प्रतिबिंबाचा वाटा ०.१६ इतका नगण्य उरतो. काच जणू नाहीच.

याच दारावर ६० टक्के प्रकाश परावर्तित करणारी व १५ टक्के पार जाऊ देणारी फिल्म लावली, तर दिवसा प्रतिबिंबाचे ६,००० भाग आणि आतील दृश्याचे ३० भाग असे प्रमाण मिळते. विक्रेता हे प्रात्यक्षिक दाखवितो ते दुपारीच. त्यात खोटे काही नसते. परंतु रात्री बाहेरच्या व्यक्तीला प्रतिबिंबाचे १.२ भाग आणि आतील दृश्याचे २२.५ भाग मिळतात. दृश्य थोडे मंद होते, लपत नाही. खरी मेख पुढे आहे. त्याच वेळी घरातील व्यक्तीला काचेत स्वतःच्या खोलीच्या प्रतिबिंबाचे ९० भाग दिसतात आणि बाहेरच्या अंगणाचे केवळ ०.३. तिच्यासमोर लख्ख आरसा उभा असतो. आपल्याला बाहेरचे काही दिसत नाही, त्या अर्थी बाहेरच्यालाही आतले दिसत नसणार, असे अनुमान ती सहजच काढते. हे अनुमान पूर्णपणे उलटे आहे. घरात एकट्या राहणाऱ्या वृद्ध व्यक्ती किंवा नोकरीनिमित्त गावात भाड्याने राहणाऱ्या स्त्रिया यांच्या दृष्टीने ही केवळ प्रकाशशास्त्रातील गंमत राहत नाही.

अशी फिल्म रात्री उपयोगी पडावी असे वाटत असेल, तर बाहेरचा उजेड निदान आतल्याइतका तरी ठेवावा लागेल. रात्रभर अंगणात तेवढा प्रखर दिवा ठेवणे खर्चाचे आहे आणि पावसाळ्यात किड्यांना आमंत्रण देणारेही. (वाहनांच्या काचांवरील काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली, तीमुळे घराच्या फिल्मबद्दलही शंका विचारली जाते, तो निकाल वाहनांपुरता होता.)

जुन्या घरातील प्रकाशाची उतरंड

कोकणातील पारंपरिक घराकडे या दृष्टीने पाहिले असता त्याची रचना अर्थपूर्ण वाटते. अंगण, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर असा क्रम. बाहेरचा माणूस ओटीपर्यंत येई. घरातील खरा वावर माजघरात व त्याच्या आत चाले. खाली उतरलेल्या छपरामुळे पडवी दिवसाही काळोखी असे. पडवीच्या लाकडी गजांवर बाहेरचा उजेड पडे व त्यामागचे दिसत नसे. पावसाळ्यात झावळ्यांचे झाप बांधले की उरलीसुरली फटही बंद होई. रात्रीचा दिवा आत, ओटी मंद, अंगण काळोखे. दिव्यापासून रस्त्यापर्यंत दोन-तीन भिंती आड येत. शिवाय दिवा तरी किती उजेडाचा? ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी होता त्या काळात काच दाराला नव्हती, ज्योतीभोवती होती. आणि त्या ज्योतीचा उजेड माजघराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला तरी पुष्कळ झाले असे मानीत.

या रचनेचे नुसते गोडवे गाणे योग्य होणार नाही. तिने स्त्रियांना ओटीपासून दूरच ठेवले, हेही तितकेच खरे आहे. ते बंधन गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र ओटी-पडवी काढून टाकताना, त्यांच्याकडून आपोआप होणारे उजेड अडविण्याचे काम कोणाकडे सोपवायचे, याचा विचार नव्या आराखड्यांत क्वचितच केलेला असतो. आजचा 'हॉल' थेट दाराला लागून असतो आणि घरातील सर्वांत प्रखर दिवा व दूरचित्रवाणी संच नेमके तेथेच असतात.

गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांत शिंपल्यांच्या पातळ चकत्या लाकडी चौकटींत बसविलेल्या आढळतात. त्यांतून उजेड येतो, दृश्य येत नाही. उजेड आणि दृश्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत व त्यांची फारकत करता येते, हे किनारपट्टीवरील कारागिरांना काच स्वस्त होण्यापूर्वीच ठाऊक होते.

कायद्यानेही या प्रश्नाची एक बाजू ओळखली आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १८ मधील एका उदाहरणात, नगरातील रूढीनुसार शेजाऱ्याच्या घराचा एरवी नजरेआड राहणारा भाग दिसेल अशी नवी खिडकी उघडता येत नाही, असे दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. काचेच्या दाराची गंमत अशी की येथे खिडकी शेजाऱ्याने उघडलेली नाही. ती मालकाने स्वखर्चाने रस्त्याकडे उघडलेली आहे.

दुधी काच आणि तिचे पावसाळी वर्तन

रात्रीही टिकणारा उपाय म्हणजे प्रकाश परत पाठविण्याऐवजी तो विखुरणे. दुधी काचेचा पृष्ठभाग आम्लाने किंवा वाळूच्या माऱ्याने खरखरीत केलेला असतो. दुधी फिल्म हेच काम चिकटवून करते. विखुरणे हे उजेडाच्या दिशेवर अवलंबून नसल्यामुळे दिवस-रात्रीचा फरक पडत नाही. तथापि दोन मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली अंतराची. काचेपासून चार-पाच फुटांवरील माणूस केवळ धूसर डाग वाटतो. काचेला लागून उभा राहिला की त्याची आकृती ओळखू येते. त्याच्या पाठीमागे दिवा असेल तर सावली अधिक रेखीव होते. म्हणून दाराजवळ वावर असेल तेव्हा खोलीच्या आतल्या टोकाचा मोठा दिवा लावण्याऐवजी दाराच्या बाजूच्या भिंतीवरील लहान दिवा लावणे इष्ट.

दुसरी मर्यादा पाण्याची असून ती कोकणात विशेष महत्त्वाची आहे. खरखरीत पृष्ठभाग विखुरण्याचे काम करतो, कारण काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५२ आणि हवेचा १ असा मोठा फरक त्या सूक्ष्म खळग्यांच्या ठिकाणी असतो. खळग्यांत पाणी भरले की पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने हा फरक कमी होतो आणि काच तेवढ्या भागात पुन्हा पारदर्शक होऊ लागते. तेलाचे बोट लागल्यास परिणाम याहून अधिक. ज्या जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेथे खरखरीत बाजू बाहेर ठेवलेले दार ऐन आषाढात दगा देणार हे उघड आहे. खरखरीत बाजू, अथवा फिल्म, नेहमी आतल्या अंगालाच असावी. टफन्ड काच बसवायची असल्यास कापणे, भोके पाडणे व आम्लक्रिया ही कामे ती कडक करण्यापूर्वीच उरकावी लागतात. नंतर तिला कापता येत नाही.

पडदा, खळ आणि विजेवर चालणारी काच

जाड, अस्तर लावलेला पडदा हा सर्वांत स्वस्त व खात्रीचा उपाय होय. पातळ जाळीदार पडदा मात्र आरशाच्या फिल्मसारखाच फसवा आहे : दिवसा बाहेरचा उजेड त्याच्या धाग्यांवर पडून आतले झाकले जाते, रात्री आतला दिवा लागताच तो आरपार दिसतो. रंगभूमीवर जाळीच्या पडद्यामागचे पात्र मागील दिवा लावून एकाएकी प्रकट करतात, ते याच तत्त्वावर. उघडत्या दारासाठी पडदा चौकटीवर न लावता दाराच्या फळीवरच वर व खाली दांडी बसवून ताणावा, म्हणजे दारात अडकत नाही. जून ते सप्टेंबर या काळात सुती जाड पडदा वाळत नाही व त्याला बुरशी धरते. कृत्रिम धाग्याचा पडदा येथे बरा.

भाडेकरूला फिल्म लावण्याची मुभा नसेल, तर तांदळाची पातळ खळ लावून तलम पांढरे कापड काचेवर आतून चिकटविता येते. ओल्या फडक्याने ते मागाहून निघते. पावसाळ्यात खळीला बुरशी व झुरळे लागतात, तेव्हा हा उपाय कोरड्या महिन्यांपुरताच समजावा.

विजेवर बदलणारी काच महाग आहे, परंतु तिचा एक गुण सांगण्याजोगा. तिच्या दोन थरांमधील द्रवस्फटिकांचे सूक्ष्म थेंब वीज वाहत असताना एका दिशेने रांगेत येतात व काच पारदर्शक होते. वीज गेली की ती दुधी होते. वादळवाऱ्यात वारंवार वीज जाणाऱ्या गावात ही खोड उपकारकच म्हणावी लागेल.

नजरेची रेषा

संपूर्ण दार दुधी करणे नेहमीच आवश्यक नसते. रस्ता व घराचे जोते समपातळीत असल्यास सहा फुटांपर्यंतचा पट्टा पुरेसा होतो. वरच्या स्वच्छ काचेतून आकाश व उजेड मिळतो. जोते अंगणापासून दोन-तीन फूट उंच असल्यास वाटसरूची नजर खालून वर जाते : तिला छत दिसेल, माणसे कमी दिसतील. याउलट उताराच्या जमिनीवर रस्ता घरापेक्षा वर असेल, तर नजर वरून खाली येते आणि वरचा स्वच्छ भागच घातक ठरतो. वळणावरील घरांत वाहनांचे दिवे क्षणभर सरळ आत शिरतात. आतले दिवे मालवलेले असले तरी तेवढ्यापुरती खोली उजळते. हे सर्व कागदावर ठरविण्यापेक्षा, काळोख पडल्यावर आतले नेहमीचे दिवे लावून, एका व्यक्तीला आत फिरावयास सांगून, स्वतः अंगणातून व मग रस्त्यावरून पाहणे उत्तम. फिल्मचा तुकडा घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून नमुना मागून तो याच वेळी काचेवर धरून पाहावा.

दार दुधी झाल्यावर बाहेर कोण आले आहे हे आतून कळत नाही, ही तक्रार रास्त आहे. डोळ्याच्या उंचीवर बोटभर रुंदीची पट्टी स्वच्छ सोडून तिच्यावर आतून कापडी झडप लावावी आणि बाहेर, आलेल्याच्या तोंडावर उजेड पडेल असा, आतून चालू करता येणारा दिवा बसवावा. आतला दिवा मालवून तो लावला की पट्टीतून आलेला माणूस दिसतो. त्याला मात्र आतले दिसत नाही.