‘काउंटरफीट क्रँक’ : एका शब्दाची कुळकथा

एखाद्या पाठास पांच पोथ्यांचा आधार आहे म्हणून समाधान मानावें, आणि बारकाईनें पाहतां चार पोथ्या पहिलीवरूनच उतरलेल्या निघाव्या, हा अनुभव संग्राहकांस नवा नाहीं. जुन्या इंग्लंडांतील भिकाऱ्यांच्या सांकेतिक भाषेचा शोध घेतांना आम्हांस तोच प्रकार आढळला. तो वाचकांपुढें ठेवितों.

सोळाव्या शतकांत त्या देशीं रोगाचें सोंग घेऊन भीक मागणाऱ्यांस निरनिराळीं नांवें होतीं. मुकेपणाची बतावणी करणारा तो ‘डॉमरर’. आपण लंडनच्या बेडलम नामक वेड्यांच्या इस्पितळांत होतों असें सांगून वेड पांघरणारा तो ‘एब्रॅहम मॅन’. अंगावर कृत्रिम व्रण उठविणारा तो ‘पॅलिअर्ड’. आणि अपस्माराचें, म्हणजे आपल्या बोलींतील फेंफऱ्याचें, सोंग आणणारा तो ‘काउंटरफीट क्रँक’. पैकीं ‘काउंटरफीट’ म्हणजे बनावट. ‘क्रँक’ याचा संबंध जर्मन व डच भाषांतील ‘क्रांक’, म्हणजे आजारी, या शब्दाशीं लावितात. मूळ शब्दांत लबाडीचा गंधही नाहीं. भिकाऱ्यांच्या भाषेंत तें रोगाचेंच नांव होतें. लबाडी दाखविण्यास विशेषण जोडावें लागलें. पुढें विशेषण गळालें आणि नुसता ‘क्रँक’ म्हणजेच ढोंगी भिकारी असा अर्थ होऊन बसला. खऱ्या रोग्यास त्या शब्दांत जागा उरली नाहीं.

हें सर्व आपणांस कळतें कोणाकडून? ऑडलीची एक त्रोटक यादी आधींची आहे. परंतु क्रँकची सविस्तर हकीकत केंट परगण्यांतील थॉमस हार्मन या गृहस्थाच्या ‘कॅव्हिएट’ नामक ग्रंथांत आहे. त्याच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या प्रती 1567 सालच्या. दारीं येणाऱ्या भिकाऱ्यांस अन्न, पैसा व गोड शब्द देऊन त्यानें माहिती काढिली. तुमचीं नांवें फोडणार नाहीं असें वचनही त्यानें दिलें होतें, हें तो स्वतःच सांगतो. आणि त्याच पुस्तकांत नांवांची यादी छापतो! आम्हांस हें वाचून साक्षीदाराच्या सचोटीविषयीं थोडा विचार करावा लागला.

तथापि त्याची निकोलस जेनिंग्जची हकीकत मुळांतूनच वाचण्याजोगी आहे. 1566 सालीं, 1 नोव्हेंबर रोजीं, ग्रंथ छापखान्यांत अर्धवट असतांना, रक्तानें व चिखलानें माखलेला हा इसम हार्मनच्या लंडनमधील बिऱ्हाडापाशीं आला. आपणांस आठ वर्षें अपस्मार असून दीड वर्ष बेडलममध्यें होतों, असें त्यानें सांगितलें. तोंड धुण्यास पाणी दिलें तर घेईना. हार्मननें बेडलममध्यें चौकशी केली. असा कोणी तेथें नव्हता. मग मुद्रकाचीं दोन मुलें त्याच्या मागावर गेलीं. आडरानीं जाऊन तो जवळच्या पिशवींतलें ताजें रक्त तोंडास फांसतांना त्यांनीं पाहिला. सायंकाळीं न्यूइंग्टन येथें धरला, तेव्हां त्याजवळ एका दिवसाची भिक्षा 13 शिलिंग 3½ पेन्स निघाली. अशा लोकांपैकीं कांहीं जण तोंडांत साबणाचा तुकडा धरून फेंस काढीत, असेंही हार्मन लिहितो.

येथवर हार्मनची बाजू बळकट दिसते. परंतु त्याच ग्रंथांतील डॉमररची कथा पाहावी. मुका म्हणविणाऱ्या एका इसमास, तो बोलेना म्हणून, मनगटें बांधून तुळईस टांगलें. वेदना असह्य झाल्या तेव्हां तो ओरडला. हा खरोखरच मुका असता तर काय झालें असतें, याचा उल्लेख ग्रंथांत नाहीं. पॅलिअर्डची गोष्ट याहून विचित्र आहे. एका पाणथळ वनस्पतीच्या रसानें उठविलेला फोड लौकर बरा होई. परंतु सोमलानें केलेला व्रण कधींच भरून येत नसे, असें हार्मनच म्हणतो. मग अशा मनुष्याचा रोग खोटा म्हणावा कीं खरा? कोशांत मात्र तो लबाडांतच मोडला आहे.

आतां प्रतींच्या वंशावळीकडे वळूं. 1592 सालचें ‘ग्राउंडवर्क ऑफ कॉनी-कॅचिंग’ हें पुस्तक बव्हंशीं हार्मनची नक्कल आहे. 1608 मध्यें थॉमस डेकर यानें ‘बेलमन ऑफ लंडन’ लिहितांना त्यावरच हात मारला. ही चोरी तत्कालीन लेखकांसही ठाऊक होती. पुढील कोशकारांनीं या सर्वांतून शब्द वेंचले. तेव्हां एखाद्या कोशांत क्रँकच्या अर्थास तीन ग्रंथांचा हवाला दिसला, तरी बोलणारा बहुधा एकटा हार्मनच असतो.

ज्यांस मूळ पाहावयाचें आहे त्यांनीं व्हाइल्स व फर्निव्हल यांनीं 1869 मध्यें ‘अर्ली इंग्लिश टेक्स्ट सोसायटी’साठीं संपादिलेली प्रत घ्यावी, तींत ऑडली, हार्मन व ‘ग्राउंडवर्क’ एकत्र असल्यानें उसनवारी ताडून पाहतां येते. जेनिंग्जचा शेवट पाहतांना मात्र 1567 च्या दोन छपायांकडे लक्ष असूं द्यावें. पहिलींत तो धरणाऱ्यांच्या हातून निसटतो व कथा तेथेंच थांबते. पुन्हा पकडला जाऊन चीपसाइड येथें त्यास खोड्यांत उभें केल्याचा मजकूर दुसरींत वाढविलेला आहे.