बोर्डोच्या तुषारात उभे असलेले लोखंड
शेतातले लोखंड : लेखांक ६

बोर्डो मिश्रण जमले की नाही हे पाहण्याची रीत सायखेड्यातल्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला ठाऊक असते. मोरचुदाचे पाणी आणि चुन्याचे पाणी एकत्र केले, की घासून लख्ख केलेला विळा किंवा चाकू त्यात थोडा वेळ धरायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. मग आणखी चुना घालून पुन्हा पाहायचे. पाते कोरे निघाले की मिश्रण फवारणीला तयार. हे मिश्रण लोखंडी पिंपात करायचे नाही, प्लास्टिकच्या ड्रममध्येच करायचे, हा नियमही सगळे पाळतात. पण ते ज्या ब्लोअरमधून उडते त्याची चासी लोखंडाचीच असते, आणि त्याला ओढणारा ट्रॅक्टर त्याच तुषारात तासन् तास उभा असतो. विळ्यावर दोन मिनिटांत दिसते ते या यंत्रांवर हंगामभर सावकाश चालू राहते.

मागच्या लेखांकात पाणी आणि ऑक्सिजन मिळून लोखंड कसे खातात ते पाहिले. आज त्यावरचे संरक्षण कसे निवडायचे ते पाहू. मुंबईच्या खाऱ्या हवेसाठी किंवा लडाखला जाणाऱ्या जीपसाठी दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही, कारण निफाडच्या द्राक्षपट्ट्यात लोखंडाचा मुख्य शत्रू तांबे आहे.

विळ्यावरचा तांबूस थर म्हणजे शुद्ध तांबे. पाण्यात विरघळलेले तांबे लोखंडावर येऊन बसते आणि तेवढेच लोखंड पाण्यात उतरते. विद्युत-रासायनिक मोजपट्टीवर तांबे अधिक ०.३४ व्होल्टवर आहे, लोखंड उणे ०.४४ वर आणि जस्त उणे ०.७६ वर. जो धातू जितका खाली, तो तितका लवकर विरघळतो. चुना पुरेसा असेल तर तांबे न विरघळणाऱ्या निळ्या रूपात असते आणि लोखंडाला फारसा त्रास होत नाही. मात्र बोर्डोचा सारा गुणच असा, की पानावर सुकलेला हा निळा थर दवात आणि पावसात थोडे थोडे तांबे सोडत राहतो. १८८५ साली फ्रान्समध्ये प्रोफेसर मिलार्दे यांनी हे मिश्रण जगापुढे मांडले, तेव्हापासून केवडा याच संथ झऱ्याने आवरला जातो. मडगार्डच्या आतल्या कडेला किंवा ब्लोअरच्या पट्टीखाली सुकलेली निळी खपली तोच झरा लोखंडावर सोडते. रंगाला केसाएवढी चीर असली, तरी तेवढ्या वाटेने तांबे आत पोचते, लोखंडावर त्याचा ठिपका बसतो, आणि त्या ठिपक्याभोवतीचे लोखंड ओल मिळेल तेव्हा झिजत राहते. नुसत्या पाण्याने आलेला गंज एक वेळ पसरट असतो. तांब्याने आलेला गंज खड्डे पाडत खाली जातो.

त्यात इथली जागा. काळी माती चाकाच्या आतल्या बाजूला थापली गेली की आठवडा आठवडा ओली राहते. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पत्रा इतका गार पडतो की त्यावरून दवाचे ओघळ येतात, आणि फवारणीचा हंगामही तोच. खाली नांदूरमध्यमेश्वरचा फुगवटा आणि वर गंगापूर धरण, यामुळे गोदावरी फुगली की सायखेडा आणि चांदोरी पाण्यात जातात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर अजून सगळ्यांच्या लक्षात आहेत. पुराचा गाळ चासीच्या पोकळ नळ्यांत शिरला की तो तिथेच बसतो. बाहेरून कितीही रंगवले तरी ती चासी आतून कुजते.

आता पर्याय पाहू. सर्वांत आधी लोकांच्या मनात येते ते गॅल्व्हनायझिंग. साधारण ४५० अंश सेल्सिअसला वितळलेल्या जस्तात अख्खा भाग बुडवतात. सहा मिलिमीटरहून जाड पोलादावर सरासरी ८५ मायक्रॉनचा थर बसतो आणि तो पोलादाशी धातूच्याच बंधाने जोडलेला असतो. ओरखडा पडला तरी शेजारचे जस्त आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते. विजेचे खांब, द्राक्षमांडवाचे अँगल आणि तारा यासाठी याहून चांगले काही नाही. फवारणीच्या यंत्रावर मात्र ते उघडे ठेवू नये असे माझे ठाम मत आहे. वरची मोजपट्टी पुन्हा पाहा: तांब्यापुढे जस्त लोखंडापेक्षाही लवकर विरघळते. शिवाय चुन्याच्या तीव्र अल्कलीतही जस्त टिकत नाही. मांडवाच्या तारेला फवाऱ्याचा वाटा येतो आणि पावसाने ती धुतली जाते. ब्लोअरच्या चासीवर मात्र टाकीचे झाकण, व्हॉल्व्ह आणि नोझल यांची गळती एकाच जागी रोज ठिबकते. गॅल्व्हनाइज करायचेच असेल तर त्यावर रंग हवाच, आणि त्या चकचकीत पृष्ठभागावर रंग धरण्यासाठी आधी तो हलकेच खरखरीत करून एपॉक्सी प्रायमर द्यावा लागतो. नळीची चासी जस्तात द्यायची असेल तर फॅब्रिकेटरला आधीच भोके पाडायला सांगा. दोन्ही तोंडे बंद असलेल्या नळीत थोडेसे पाणी राहिले तर त्या उष्णतेत त्याची वाफ होऊन नळी स्फोटासारखी फुटते. तसा भाग कारखाना परत पाठवतो, आणि ते योग्यच आहे.

पावडर कोटिंग दिसायला देखणे असते. विद्युतभारित पावडर भागावर बसवतात आणि १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळवून तिचा साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा सलग थर करतात. नाशिकच्या अंबड-सातपूर भागात हे काम करून मिळते. पण विचारायचा प्रश्न रंगाच्या छटेचा नाही, आधीच्या धुण्याचा आहे. तेल काढणे, गंज काढणे, फॉस्फेटचा थर देणे, मधल्या प्रत्येक पायरीला पाण्याने धुणे, अशी टाक्यांची रांग त्या कारखान्यात आहे का? भाग नुसता कापडाने पुसून भट्टीत घातला जात असेल, तर तो कितीही चकाकला तरी घेऊ नका. दुसरी अडचण अशी की दगडाने पावडर कोटिंगचा टवका उडाला तर घरी ते जोडता येत नाही. ओल शेजारच्या थराखाली सरकत जाते, आणि वरून अखंड दिसणाऱ्या पापुद्र्याखाली पत्रा संपलेला असतो. नंबर प्लेटची फ्रेम, टूलबॉक्स, सीटचा सांगाडा, दिव्याचे ब्रॅकेट अशा मार न बसणाऱ्या भागांना ते जरूर करावे. चासी आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला नको.

त्या भागांसाठी मला पटलेला उपाय कमी आकर्षक आहे: दोन डब्यांचा एपॉक्सी प्रायमर, शक्यतो झिंक फॉस्फेट असलेला, त्याचे दोन हात, आणि वर पॉलियुरेथेनचा एक हात. एपॉक्सीचा थर घट्ट असतो, चुना आणि खत त्याला सहज भेदत नाहीत. पण उन्हात तो खडूसारखा पांढरा पडतो, म्हणून वर पॉलियुरेथेन. याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो दुरुस्त करता येतो. टवका उडाला की ती जागा घासायची, कडा उतरत्या करायच्या, ब्रशने पुन्हा एपॉक्सी लावायचा. बागेत फांद्या, तारा, अँगल, दगड यांचा मार चुकत नाही. तिथे सर्वांत कठीण थरापेक्षा, मालकाला स्वतःच्या हाताने जोडता येणारा थर जास्त वर्षे टिकतो. एकच गोष्ट जपा: पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो. त्यामुळे घरच्या शेडमध्ये कॉम्प्रेसर लावून तो मारू नका. ब्रश किंवा रोलर वापरा, हातमोजे घाला आणि दारे उघडी ठेवा.

दुकानात रेड ऑक्साइड मागणारे अजून पुष्कळ आहेत. पूर्वी लोखंडाला शेंदूर, म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड, लावत. तो विषारी, पण गंज खरोखर रोखणारा होता. आजचा स्वस्त रेड ऑक्साइड प्रायमर रंगाने तसाच दिसतो, पण त्यातला लाल पदार्थ लोखंडाचाच ऑक्साइड आहे आणि तो एकटा गंज थोपवत नाही. घराच्या ग्रिलला चालेल. ब्लोअरला पुरत नाही.

रंग कोणताही घ्या, त्याचे आयुष्य खालच्या पृष्ठभागावर ठरते. जिथे तांब्याचा संशय आहे तिथे आधी भरपूर पाण्याने आणि ब्रशने निळी खपली पूर्ण काढा, मग ग्रीस काढा, आणि त्यानंतरच वायर ब्रश किंवा ग्राइंडर चालवा. क्रम उलटा झाला तर तांबे आणि ग्रीस लोखंडात घासले जातात. शक्य असेल तर सँड ब्लास्टिंग करून घ्या. खोल खड्ड्यांतला गंज निघत नसेल तर टॅनिनवाले गंज-रूपांतरक लावता येते. हिरड्याच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला तर पाणी काळे होते, तीच क्रिया इथे गंजाला काळ्या, स्थिर थरात बदलते. सुटणाऱ्या पापुद्र्यावर मात्र ते लावून उपयोग नाही.

नट-बोल्ट हा वेगळा विषय आहे. बाजारात मिळणाऱ्या पिवळसर किंवा पांढऱ्या झिंक प्लेटिंगचा थर बहुधा पाच ते बारा मायक्रॉन, म्हणजे गॅल्व्हनायझिंगच्या तुलनेत अगदीच पातळ. फवाऱ्यात तो एका हंगामात संपू शकतो. ब्लोअरवरच्या साध्या जोडांसाठी स्टेनलेसचे बोल्ट घ्या आणि बसवताना ग्रीस लावा. पण ज्यांच्या डोक्यावर १०.९ किंवा १२.९ असा आकडा कोरला आहे, ते चाकाचे आणि जोडणीचे बोल्ट कधीही आम्लात बुडवून प्लेटिंगला देऊ नका. आम्लातून हायड्रोजन पोलादात शिरतो आणि तो बोल्ट पुढे ताणाखाली काही न कळवता तुटतो. असे बोल्ट गंजले तर त्याच आकड्याचे नवे घ्या. रोटाव्हेटरची पाती, फाळ आणि साखळ्या यांना रंग नकोच, तो पहिल्याच फेरीत मातीत जातो. काम संपल्यावर धुऊन, सुकवून, तेलाचा हात द्या.

मोटारींचे कारखाने आज अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने सुमारे वीस मायक्रॉनचा पहिला थर चढवतात. तो पोकळीच्या आतही पोचतो, हे त्याचे मोल. गावच्या वर्कशॉपमध्ये बनलेल्या ट्रॉलीला किंवा ब्लोअरच्या चासीला हे भाग्य नसते. तिथे पोकळ नळीच्या सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचे भोक ठेवा. आत पाणी मारून गाळ काढा, पूर्ण वाळू द्या आणि लांब नळीच्या नोझलने पोकळीसाठीचे मेण मारा. वरून डांबरासारखा जाड थर देणाऱ्यांचा आग्रह मला पटत नाही. तो तडकला की आतले पाणी डोळ्याआड राहते आणि गंज दिसेपर्यंत वेळ गेलेली असते.

कामाला योग्य महिना मे. एप्रिलची खरड छाटणी उरकलेली असते, मोठ्या फवारण्या थांबलेल्या असतात आणि हवा कोरडी असते. सकाळी आठ ते अकरा ही वेळ धरा. दुपारच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर थिनर झपाट्याने उडतो आणि रंगात बारीक छिद्रे राहतात. हिवाळ्यात काम काढावे लागलेच तर दव पूर्ण उडून पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी जास्त असावे लागते. दोन्ही डबे कालवल्यावर डब्यावर लिहिलेली वेळ पाळा, आणि वाळायला पूर्ण आठवडा द्या. तोवर ब्लोअर जोडू नका.

ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणी सुरू झाली की रोज संध्याकाळी टाकीत साधे पाणी भरून नोझल चालवा आणि उरलेल्या पाण्याने चासी, मडगार्ड, थ्री पॉइंट जोडणी धुऊन टाका. हे पाणी विहिरीजवळ किंवा गोदावरीच्या ओढ्यात सोडू नका. मिश्रणातले तांबे मातीत साचते आणि माशांना मारते, म्हणून बागेच्याच ओळीत, दरवेळी जागा बदलून धुवा. आणि दर महिन्याला व्हॉल्व्हखालची पट्टी बोटाने चाचपून पाहा. पहिली चीर बहुधा तिथेच पडते.

पुढील लेखांक : वेल्डिंगचा सांधाच आधी का गंजतो?