माप जुळले, तरच माल खरा

वसईतील आमच्या घरी गेल्या पावसाळ्यानंतर एका लहानशा लोखंडी भागाने मोठी चर्चा घडवून आणली. पुतण्याची सायकल जुनी, पण भक्कम. पुढे ४८, ३८ आणि २८ दात्यांच्या तीन चकत्या, मागे सात. वसई किल्ल्यापासून निर्मळपर्यंतच्या सपाट रस्त्यावर ती सुखाने धावे. मात्र तुंगारेश्वरचा चढ लागला की साखळी लहान चकतीवर उतरेना. खाऱ्या हवेने पुढचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा पिंजरा, गंजून अडकला होता.

लहान चकतीचे महत्त्व हिशेबाने कळते. मागे २८ दात्यांची चकती असेल आणि पुढेही २८ दात्यांची, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक एकदाच फिरते. पुढे ४८ दाते असतील, तर तेच चाक सुमारे पावणेदोन वेळा फिरते. सपाटीवर हा लाभ. चढावर मात्र तो गुडघ्यांवरचा भार होतो.

धाकट्या भावाने दुकानातून सर्वांत महाग डिरेलर आणला. तो बसवला आणि साखळी दोन चकत्यांच्या मध्येच घासू लागली. मुळात तो दोन चकत्यांच्या सायकलीसाठी घडवलेला होता. “आता नवी सायकलच घेऊ,” असे भाऊ म्हणाला. पुतण्याचा चेहरा उतरला. त्या सायकलीवरच तो चढ चढायचा, असे त्याने मनाशी ठरवले होते.

वडिलांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, “नळाचा जोड मागायला गिऱ्हाईक आले, तर अर्धा इंची की पाऊण इंची हे विचारल्यावाचून आपण डबा उघडत नाही. स्वतःसाठी घेताना मात्र आपण किंमत पाहिली, माप विचारले नाही.”

त्या एका वाक्याने आम्हाला मार्ग दाखवला. दुसऱ्या दिवशी आम्ही वही घेऊन सायकलीपाशी बसलो.

पहिले माप बैठकीच्या दांड्याखालील नळीचे. डिरेलरचा पट्टा २८.६, ३१.८ किंवा ३४.९ मिलिमीटर व्यासाच्या नळीसाठी असतो. मोजपट्टीने व्यास नीट मिळत नाही. म्हणून नळीभोवती दोरा गुंडाळावा. दोरा सुमारे ९ सेंटिमीटर भरला तर पहिले माप, १० भरला तर दुसरे, ११ भरला तर तिसरे.

दुसरे माप चकत्यांचे. पिंजऱ्याची वक्रता सर्वांत मोठ्या चकतीशी जुळावी लागते. ४२ दात्यांसाठी केलेला पिंजरा ४८ दात्यांवर नीट चालत नाही. शिवाय मोठ्या आणि लहान चकतीतील फरक पेलण्याची त्याची क्षमता पाहावी. आमचा फरक २० दात्यांचा होता. तीन चकत्यांच्या डिरेलरची आतील पट्टी अधिक खोल असते, कारण तिला साखळी खालून उचलून मधल्या चकतीवर न्यायची असते. महागड्या भागात नेमके हेच नव्हते.

तिसरी गोष्ट केबलची दिशा. काही सायकलींत ती वरून येते, काहींत खालून. काही डिरेलर दोन्ही दिशांना चालतात. चौथी गोष्ट हँडलवरील डाव्या खटक्याची. रस्त्याच्या आणि डोंगरी सायकलींचे खटके केबल कमी-अधिक ओढतात, म्हणून खटका आणि डिरेलर एकाच जातीचे हवेत. पाचवी गोष्ट बसवण्याची. पिंजऱ्याची बाहेरील पट्टी मोठ्या चकतीला समांतर राहावी आणि दात्यांच्या टोकांपासून १ ते ३ मिलिमीटर वर असावी. मग दोन स्क्रूंनी आतली व बाहेरची मर्यादा ठरवावी. नाहीतर साखळी घसरून पडते.

आज तीन चकत्यांचे दिवस मावळत आहेत. अमेरिकेच्या स्रॅम कंपनीने २०१२ मध्ये पुढे एकच चकती असलेला डोंगरी सायकलींचा संच बाजारात आणला आणि पुढे अनेकांनी तीच वाट धरली. त्यामुळे जुन्या सायकलींच्या सुट्या भागांची निवड कमी होत जाते. अशा वेळी नेमके माप हाती असणे अधिकच मोलाचे. ते असले की एका सुट्या भागासाठी धडधाकट सायकल भंगारात घालावी लागत नाही.

पाचही गोष्टी लिहिलेला कागद घेऊन भाऊ पुन्हा बाजारात गेला. या वेळी आणलेला डिरेलर साधा होता आणि आधीच्यापेक्षा बराच स्वस्त. तो बसवायला अर्धा तास लागला. खटका दाबताच साखळी २८ दात्यांवर अलगद उतरली.

त्या रविवारी पुतण्या तुंगारेश्वरला जाऊन आला. घामाने भिजलेला, हात ग्रीसने काळे. वडिलांनी त्याला पाणी दिले आणि ती मापे दुकानाच्या वहीत शेवटच्या पानावर उतरवून घेतली. खाली एवढेच लिहिले : “आधी माप, मग भाव.”