जुलाबाचं औषध आणि गुडघ्यातली कूर्चा

पाचोडला आरोग्यावर बोलायचं म्हणजे जाणत्यांपुढे बोलणं. इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटचं ग्रामीण आरोग्याचं काम तुम्ही जवळून पाहिलं आहे. आम्ही पडलो तत्त्वज्ञानवाले. पण ‘या औषधानं अपाय होतो’ असं कशाच्या बळावर म्हणायचं, हा प्रश्न आमच्याही प्रांतातला.

सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन. नावाच्या शेवटी ‘फ्लॉक्सासिन’ आलं, की तो फ्लुरोक्विनोलोन गट समजावा. जुलाब लागले की मेडिकलवरून आणतात त्या गोळ्यांत, लहान मुलांच्या सिरपांतही, यातलं एखादं बरेचदा असतं.

आता कूर्चा बघू. मटणात कुरकुरीत लागते ती हीच. हाडांच्या टोकांवर तिचा गुळगुळीत थर असतो. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. पोषण झिरपत येतं. पेशी मोजक्या, त्याच भोवतीचं जाळं विणतात आणि त्याला धरून राहतात. ही पकड टिकायला मॅग्नेशियम लागतं. आणि हे औषध मॅग्नेशियमला चिकटतं! ॲसिडिटीच्या औषधाबरोबर ही गोळी घेऊ नका म्हणतात, त्याचं कारणही हेच: त्यातल्या मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमला चिकटून ती पोटातच अडकते.

पण मॅग्नेशियमच कारण कशावरून? १९७० च्या दशकात या कुळातली औषधं दिलेली कुत्र्यांची पिल्लं लंगडू लागली. कूर्चेत फोड आणि चिरा दिसल्या. पुढे उंदरांच्या पिल्लांना औषध न देता नुसतं मॅग्नेशियम तोडलं, तरी कूर्चेत तशाच जखमा दिसल्या. दोन वाटा एकाच ठिकाणी पोचल्या, म्हणून संशय बळावला. सगळा उलगडा एवढ्यानं होत नाही. पेशींवर इतर मार्गांनीही ताण येतो.

मग माणसाचं काय? पिल्लावरून थेट बाळावर उडी मारायची नसते. मूत्रमार्गाच्या गंभीर संसर्गाच्या एका चाचणीत सहा आठवड्यांच्या आत सांधे-स्नायूंच्या तक्रारी सिप्रोफ्लॉक्सासिन घेतलेल्या ३३५ मुलांपैकी ३१ जणांत आढळल्या, तर दुसरं औषध घेतलेल्या ३४९ पैकी २१ जणांत. म्हणजे ९.३ टक्के आणि ६ टक्के. तक्रारी सौम्य-मध्यम होत्या, बऱ्याही झाल्या. फरक लहान आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मोठ्यांत टाचेमागची जाड शीर सुजण्या-तुटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ मध्ये त्याबद्दल चौकटीतला इशारा छापायला लावला. साठीपुढच्यांनी आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांनी जास्त जपायचं.

म्हणून हे औषध विष ठरतं का? नाही. औषधाला न जुमानणाऱ्या क्षयरोगात लिव्होफ्लॉक्सासिन मुलांनाही देतात, कारण तिथे जीव पणाला लागलेला असतो. तीन वर्षांच्या पोराच्या साध्या पातळ जुलाबात तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय असतं? बहुतेकदा काहीच नाही. तिथे ओआरएस आणि चौदा दिवस झिंक पुरतं. शौचात रक्त पडलं, ताप चढला किंवा पोर मलूल झालं, तर सरळ डॉक्टर गाठायचे.

तेव्हा दुकानातून परस्पर सिरप आणू नका. डॉक्टरांनी लिहिलं तर विचारा, ‘याची गरज कशासाठी आहे, डॉक्टर?’ गोळी चालू असताना सांधा किंवा टाच दुखू लागली, तर लगेच त्यांना कळवा. त्यांना न सांगता क्षयाची गोळी मात्र बंद करू नका.

आता आपण प्रश्न घेऊ.