प्रोग्राम किती वेळ चालला? लिनक्सवर मोजणी नीट कशी करायची

‘माझी पद्धत जुन्या पद्धतीपेक्षा ५ टक्क्यांनी वेगवान आहे.’ प्रबंधात हे वाक्य लिहिलंत की तोंडी परीक्षेत पुढचा प्रश्न ठरलेला: मोजलं कसं? ‘दोन्ही प्रोग्राम एकेकदा चालवून बघितले’ हे उत्तर तिथे चालत नाही. कारण तोच प्रोग्राम, त्याच लॅपटॉपवर, पाठोपाठ दोनदा चालवला तरी वेळेत ५ टक्क्यांचा फरक सहज पडू शकतो. म्हणजे तुम्ही जो फरक शोध म्हणून मांडताय, तो निव्वळ गोंगाट असू शकतो. हा गोंगाट येतो कुठून आणि त्याला आवर कसा घालायचा, ते बघू.

आधी ‘वेळ’ म्हणजे नेमका कोणता, ते ठरवा. टर्मिनलमध्ये प्रोग्रामच्या नावाआधी ‘टाइम’ लिहिलं की तीन आकडे येतात. ‘रिअल’ म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे गेलेला वेळ. ‘युजर’ म्हणजे प्रोसेसरने तुमच्या कोडवर घालवलेला वेळ. ‘सिस’ म्हणजे तुमच्या प्रोग्रामसाठी कर्नलने केलेल्या कामाचा वेळ. फाइल वाचणं, मेमरी देणं वगैरे. समजा, एकाच थ्रेडच्या प्रोग्रामला रिअल १० सेकंद लागले आणि युजर व सिस मिळून ३ च आले. मग उरलेले ७ सेकंद तो डिस्कची, नेटवर्कची नाहीतर प्रोसेसरवर आपला नंबर लागायची वाट बघत होता. इथे गणित सुधारून फारसं काही हाती लागणार नाही. उलट चार कोअरवर चालणाऱ्या प्रोग्रामचा युजर वेळ रिअलपेक्षा जास्त दिसतो. त्यात बिघाड काही नाही, सगळ्या कोअरचा वेळ बेरजेत धरलेला असतो इतकंच.

कोडमधला एखादाच भाग मोजायचा असेल तर घड्याळ नीट निवडा. तारीख-वार सांगणारं घड्याळ नेटवरून जुळवलं जातं, त्यामुळे ते मधेच पुढे-मागे सरकू शकतं. मोजणीसाठी ‘क्लॉक गेटटाइम’ वापरा आणि त्याला ‘क्लॉक मोनोटॉनिक’ सांगा. हे घड्याळ मागे जात नाही. सी भाषेतलं नुसतं ‘क्लॉक’ हे फंक्शन मात्र वेगळं आहे. ते प्रोसेसरचा वेळ देतं, वाट बघण्यात गेलेला वेळ त्यात येत नाही.

आता गोंगाटाकडे येऊ. पहिलं कारण कॅश. पहिल्यांदा फाइल डिस्कवरून वाचली जाते, दुसऱ्यांदा ती कर्नलने रॅममध्ये धरून ठेवलेली असते. म्हणून पहिली फेरी बहुतेक वेळा संथ येते. तुम्हाला कोणता वेळ हवाय ते ठरवा, आणि थंड व गरम फेऱ्यांचे आकडे एकत्र करू नका.

दुसरं कारण प्रोसेसरचा वेग. तो स्थिर नसतो. आमच्या नवलाख उंबऱ्यात मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत आणि जुलैच्या पावसात तोच लॅपटॉप सारखा पळेल असं समजू नका. फार तापला की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला, की वीज वाचवायला वेग आणखी उतरू शकतो. म्हणून चार्जर लावूनच मोजा आणि गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर ठेवा. शिवाय आधी जुन्या प्रोग्रामच्या सगळ्या फेऱ्या आणि मग नव्याच्या, असं करू नका. एक जुनी, एक नवी, अशा आलटून पालटून घ्या. म्हणजे तापण्याचा फटका दोघांना सारखाच बसेल.

तिसरं कारण शेजारी. ब्राउझर, अपडेट, बॅकअप हे सगळे त्याच प्रोसेसरवर हक्क सांगतात. ते बंद करा, आणि प्रोग्राम एका कोअरवरून दुसऱ्यावर उड्या मारू नये म्हणून ‘टास्कसेट’ने एकाच कोअरला बांधून टाका.

चौथं कारण ऐकून दचकाल. २००९ मध्ये टॉड मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्सचा एकूण आकार बदलला, किंवा फाइल्स लिंक करायचा क्रम बदलला, तरी वेगाचा निष्कर्ष बदलू शकतो. कोडला हातही न लावता! कारण त्याने मेमरीतली मांडणी सरकते.

मग आकडा कोणता द्यायचा? ‘पर्फ स्टॅट’ला ३० फेऱ्या सांगा, ते सरासरीबरोबर चढउतारही छापतं. प्रत्येक फेरीचा वेळ वेगळा साठवून मध्यक काढलात तर अजून चांगलं, कारण एखादी भलतीच लांबलेली फेरी मध्यकाला फारशी ओढत नाही.

मात्र काही कामांत मध्यकही पुरत नाही. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, म्हणजे त्यांच्या ४३५ जोड्या. या जोड्यांचे संकेत एकमेकांशी ताडायचं गणित निरीक्षण चालू असतानाच करावं लागतं. आकाशातून येणारा डेटा कुणासाठी थांबत नाही. अशा ठिकाणी ‘सहसा वेळेत होतं’ याला अर्थ नसतो, सर्वात वाईट फेरी किती लांबली ते बघावं लागतं.

शेवटी एक चाचणी, जी आजच करून बघा. नव्या-जुन्याची तुलना करण्याआधी जुन्या प्रोग्रामची तुलना त्याच्याशीच करा. एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती, ३०-३० फेऱ्या, आलटून पालटून. फरक शून्याच्या जवळ यायला हवा. तो ४ टक्के आला, तर तुमच्या मोजणीचा गोंगाटच तेवढा आहे आणि ५ टक्क्यांचा दावा इतक्यात करता येणार नाही. हा आकडा प्रबंधात प्रोसेसर, कर्नलची आवृत्ती आणि कंपायलरचे पर्याय यांच्या शेजारी लिहा. ‘मोजलं कसं?’ या प्रश्नाचं उत्तर मग त्या पानावरच तयार असेल.